समुद्रावर एकट्याने

सुटीत कोठे जावे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ‘कोणाकडे जावे’ या स्वरूपात पुढे येतो. मामाचे गाव असते, बहिणीचे घर असते, एखादे तीर्थक्षेत्र असते. यांपैकी काही नसले, तर थंड हवेचे ठिकाण असते, आणि तेथेही आपण सहकुटुंब, सहपरिवार जातो. अशा समाजात एखाद्याने सांगितले की, मी आठवडाभर एकटाच एका अरुंद होडीत बसून समुद्राच्या कडेकडेने जाणार आहे, दिवसा गळ टाकून मासे धरणार आहे आणि रात्री निर्जन वाळूवर तंबू ठोकून झोपणार आहे, तर घरातील वडीलधारी मंडळी ‘हे काय भलतेच!’ असे म्हणतील. मलाही तसेच म्हणण्यात आले. आज त्या ‘भलत्या’ गोष्टीविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत. ती थाटाने वर्णन करण्यासारखी साहसकथा नाही. किंबहुना, एकट्याने समुद्रावर जाणे म्हणजे मुख्यतः हिशेब करणे होय, आणि त्या हिशेबाचे उत्तर पुष्कळदा ‘आज जाऊ नये’ असे येते, एवढेच मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मी मूळचा बडोद्याचा. समुद्राशी आमच्या घराचा संबंध सुटीतल्या दमणच्या सहलीपुरता. पुढे नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे ग्लासगोला राहिलो, आणि तेथे कयाक या होडीची ओळख झाली. दोन वर्षे जाणत्या मंडळींबरोबर शिकण्यात गेली. मग एका वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सहा दिवसांची रजा काढून मी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरिसेग या लहानशा गावी गेलो. ग्लासगोहून मॅलेग बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेवर हे स्थानक आहे. गावासमोर खडकाळ बेटांचा एक विखुरलेला पुंजका आहे. त्यांच्या मधल्या उथळ पाण्यात शिंपल्यांच्या भुग्याची पांढरी वाळू चमकते आणि खडकांवर सील पहुडलेले असतात. पश्चिमेस एग आणि रम ही बेटे, त्यांच्या उत्तरेस स्काय. दक्षिणेकडे भूशिराला वळसा घातला की आरिसेगची रुंद खाडी लागते. अशा किनाऱ्यावर आठवडा काढावयाचा, तर साधन कोणते, हे आधी पाहू.

कयाक हा शब्द आणि ही वस्तू, दोन्ही उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ते ही होडी बांधीत. त्यांच्या प्रदेशात झाडे नाहीत, म्हणून लाकूड बहुधा समुद्राने वाहून आणलेलेच असे. प्रत्येक शिकारी आपल्या अंगाच्या मापाने होडी करी. ती त्याची एकट्याचीच असे, दुसऱ्याला नीट बसत नसे. म्हणजे एकट्याने जाणे ही आजकालच्या हौशी लोकांची लहर नव्हे. ही होडी जन्मतःच एका माणसासाठी आहे. युरोपात तिचा छंद लावला तो जॉन मॅकग्रेगर या गृहस्थाने. १८६५ साली त्याने ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या होडीतून युरोपातील नद्या व सरोवरे पालथी घातली आणि पुढील वर्षी त्या प्रवासाचे पुस्तक काढले. विसाव्या शतकात ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ साली घडीच्या कयाकमधून डॅन्यूब नदीवरील उल्म गावाहून निघाला आणि १९३९ साली ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला. त्या सात वर्षांच्या वाटेवर आपला हिंदुस्थानचा किनाराही होता.

हल्लीची समुद्रावरची कयाक सुमारे पाच मीटर लांब आणि जेमतेम सव्वा हात रुंद असते. ती प्लॅस्टिकची किंवा काचतंतूंची असते. मध्ये बसण्याचे भोक, पुढे व मागे पाणी आत न येऊ देणारे बंद कप्पे, आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे. कप्प्यांत तंबू, झोपण्याची पिशवी, स्टोव्ह, शिधा आणि गोडे पाणी भरावयाचे. जड वस्तू तळाशी आणि बैठकीजवळ, हलक्या टोकांकडे, अन्यथा होडी वाऱ्यात तोंड फिरवू लागते. असे सामान भरून साधारण माणूस ताशी पाच-सहा किलोमीटर चालतो, म्हणजे पायी चालण्याहून थोडे अधिक. हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सारा हिशेब त्यावर उभा आहे. समोरून येणारा भरतीचा प्रवाह तीन नॉटचा, म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटरचा असेल, तर तुम्ही घाम गाळीत वल्हे मारीत राहाल आणि किनाऱ्यावरचा खडक जागचा हलणार नाही.

भरती-ओहोटीचे ज्ञान आपल्या कोळी बांधवांना उपजतच असते. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊण तासाने गुणले की भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, आणि भरतीही त्याच्यामागून तितकीच उशिरा येते. नियम सर्वत्र हाच. मात्र आरंभाचा आकडा प्रत्येक बंदराचा वेगळा. मुंबईला पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, तर मॅलेगला त्याच दिवसांत ती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास येते व दुपारी किनारा कोरडा पडतो. पाण्याची चढउतारही ठिकाणाप्रमाणे बदलते. गोव्याकडे ती दोन मीटरांच्या आसपास असते. आमच्या बडोद्याजवळच्या खंबायतच्या आखातात उधाणाला ती दहा मीटरांच्या घरात जाते. मॅलेगला उधाणाची चढउतार चार मीटरांहून थोडी अधिक आहे.

हे चार मीटर पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही. त्यासाठी दर्यावर्दी लोकांचा एक सोपा कोष्टकवजा नियम आहे. एकंदर चढाचे बारा भाग करावेत. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे चार मीटरांपैकी दोन मीटर पाणी मधल्या दोनच तासांत चढते. प्रवाहाचा जोरही त्याच वेळी सर्वांत अधिक असतो. अरुंद तोंडातून जावयाचे असेल, तर भरती संपून ओहोटी सुरू होण्यापूर्वीची जी थोडी निवांत वेळ असते, तीच साधावी.

एकट्या माणसाला या नियमाची आठवण दुसऱ्या एका ठिकाणी फार होते, आणि ते ठिकाण म्हणजे किनारा. रिकामी कयाक पंचवीस किलोंची असते. सामानासह ती एकट्याला उचलत नाही. दोघे असतील तर दोन टोके धरून ती वर नेतात. एकट्याला प्रत्येक पिशवी वेगळी काढून, शेवाळलेल्या खडकांवरून तोल सावरीत, सात-आठ खेपांत वर न्यावी लागते, आणि शेवटी रिकामी होडी. उधाणाच्या दिवसांत ओहोटीच्या वेळी किनाऱ्याला लागलात, तर ही पायपीट शंभर-दोनशे पावलांची होते. पाय मुरगळण्याचा संभव समुद्रापेक्षा येथेच जास्त. तोपर्यंत भरतीचे पाणी खाली ठेवलेल्या होडीपाशी येऊन पोहोचलेले असते. म्हणून उतरण्याची जागा नकाशावर सुंदर दिसते की नाही, हे पाहू नये. आपण पोहोचू त्या वेळी पाणी कोठे असेल, हे पाहावे. आणि रात्री होडी भक्कम बांधावी. एकट्या माणसाची होडी भरतीने नेली, तर त्याचे घर, वाहन आणि अन्न एकदमच गेले म्हणून समजावे.

वेळापत्रक वाचण्यात चूक झाली तर काय होते, याचे एक उदाहरण याच किनाऱ्यावर, थोडे दक्षिणेस, घडले आहे. जुरा आणि स्कार्बा या बेटांमध्ये कोरीव्रेकन नावाची सामुद्रधुनी आहे. तेथे प्रवाहाचा वेग आठ नॉटांच्या वर जातो आणि पाण्याखालच्या सुळक्यामुळे मोठा भोवरा उठतो. १९४७ साली ऑगस्टमध्ये जॉर्ज ऑर्वेल हा सुप्रसिद्ध लेखक आपला तीन वर्षांचा मुलगा आणि भाचे मंडळी यांना घेऊन एका मोटारहोडीतून तेथून परतत होता. जुरा बेटावर राहून तो त्या वेळी ‘नाइंटीन एटी-फोर’ ही कादंबरी लिहीत होता. भरतीची वेळ त्याने चुकीची वाचली. खवळलेल्या पाण्यात होडीचे इंजिन निसटून बुडाले. भाच्याने वल्ही मारून होडी एका खडकाळ बेटापाशी आणली, तोच ती उलटली. ऑर्वेल बुडता बुडता वाचला, आणि मुलालाही वर काढता आले. पुढे शेवंडे धरणाऱ्या कोळ्यांनी त्यांना पाहिले आणि सोडविले. ऑर्वेल काही मूर्ख नव्हता. कोष्टकातील एक ओळ चुकली, इतकेच. आणि त्याच्याजवळ वल्ही मारणारा दुसरा माणूस होता, हेही विसरू नये.

आपल्याकडील मनुष्याला न सुचणारा आणखी एक धोका म्हणजे पाण्याचा गारठा. अरबी समुद्रात पडलेला माणूस भिजतो, घाबरतो, पण काही काळ हातपाय हलवू शकतो. स्कॉटलंडच्या समुद्राचे उष्णतामान ऐन उन्हाळ्यातही बारा ते चौदा अंशांच्या आसपास असते. त्यात अचानक पडले की पहिली दोन-तीन मिनिटे श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. मनुष्य धापा टाकतो आणि त्या धापेबरोबर पाणी आत जाते. पट्टीचे पोहणारे यामुळेच दगावतात. हा पहिला धक्का ओसरला, तरी पुढे काही मिनिटांत बोटे बधिर होतात व होडीत पुन्हा चढण्याची शक्ती जाते. म्हणून तेथील नियम असा की, कपडे हवेला साजेसे घालू नयेत, पाण्याला साजेसे घालावेत. ऊन पडले असले तरी अंगावर पाणी न शिरणारा पोशाख आणि त्यावर लाइफ जॅकेट असलेच पाहिजे. उलटलेली होडी आत बसल्याबसल्याच कमरेच्या हिसक्याने सरळ करणे, आणि तेही न साधल्यास पाण्यातून पुन्हा होडीत चढणे, या दोन्ही गोष्टी सोबत्यांच्या देखत शंभरदा केल्यावाचून एकट्याने निघू नये. अंगावरच, होडीत नव्हे, रेडिओ आणि उपग्रहामार्फत संकटाची सूचना देणारे छोटे यंत्र बांधलेले असावे. घरच्या एका माणसाजवळ आपला मार्ग आणि परतीची वेळ लिहून द्यावी.

वाऱ्याची बातमी मात्र आकाशातून येते. ब्रिटनच्या आकाशवाणीवरून समुद्राचे हवामान फार दिवसांपासून सांगितले जाते. १८५९ साली ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून शेकडो माणसे मेली. तेव्हा ॲडमिरल फिट्झरॉय यांनी वादळाची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था सुरू केली. आजचे निवेदन हे तिचेच पुढचे रूप होय. त्यातील शब्द अगदी मोजके, आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. वादळाच्या सूचनेत ‘आता येत आहे’ म्हणजे सहा तासांच्या आत, ‘लवकरच’ म्हणजे सहा ते बारा तासांत, आणि ‘नंतर’ म्हणजे बारा तासांहून पुढे. निवेदकाचा आवाज शांत असतो. ऐकणाऱ्याने मात्र त्या शांत शब्दांचे तासांत रूपांतर करून आपल्या ताशी पाच किलोमीटरांशी ते ताडून पाहावयाचे असते.

आता मुक्कामाविषयी. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन-सुधारणा कायद्याने सर्वांना मोकळ्या रानात आणि किनाऱ्यावर जबाबदारीने वावरण्याचा हक्क दिला आहे. त्यात थोड्या लोकांनी लहान तंबू ठोकून एके ठिकाणी दोन-तीन रात्री राहणेही येते. घरांपासून दूर राहावे, पिकांत व गुरांत शिरू नये, आणि निघताना मागे खूण ठेवू नये, ही त्याची दुसरी बाजू. तंबूची जागा ठरविताना भरतीने आणून टाकलेली शेवाळाची रेघ पाहावी. पण तीवर पूर्ण विश्वास टाकू नये. सर्वांत मोठे उधाण पौर्णिमेच्या दिवशी नसून एक-दोन दिवसांनी येते, आणि आजची रेघ उद्याचे पाणी ओलांडते. वाऱ्यापासून आडोसा हवा, पण फार आडोसा नको, कारण वारा पडताच तेथील चिलटांचे थवे उठतात आणि माणसाला वेडेपिसे करतात. जूनमध्ये तिकडे दिवस साडेसतरा तासांचा असतो. रात्री अकरालाही आकाशात उजेड असतो, दूरवर सीलचे हुंकार ऐकू येतात, आणि बोलावयास कोणी नसते. पहिल्या रात्री ही शांतता बोचते. तिसऱ्या रात्री ती हवीशी वाटू लागते.

माझी खरी परीक्षा झाली ती तिसऱ्या दिवशी, आणि ती मासेमारीने घेतली. कयाकमधून मासे धरण्याचे साधन साधे असते. लाकडी चौकटीला गुंडाळलेली दोरी, तिला रंगीत पिसे लावलेले पाच-सहा गळ आणि खाली शिशाचे वजन. दोरी हाताला कधीही गुंडाळू नये. मोठा मासा लागला तर चौकट सोडून देता आली पाहिजे. उन्हाळ्यात त्या पाण्यात मॅकरेल माशांचे थवे येतात. ते आपल्या बांगड्याचेच भाऊबंद. पाठीवर निळ्या-हिरव्या नागमोडी रेघा असतात. थवा लागला की एकाच वेळी तीन-तीन, चार-चार मासे गळाला येतात. जेवणापुरते दोन मासे पुरे असतात, कारण हा मासा त्याच संध्याकाळी खावा लागतो, उन्हात तो लवकर बिघडतो. हे मला ठाऊक होते. पण पहिल्या दोरीला चार मासे आले आणि माझे भान सुटले. मी दोरी पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. लहान मासे सोडवून पाण्यात टाकण्यात, गुंता काढण्यात वेळ गेला. मान वर करून पाहिले, तो ज्या खडकाजवळ मी होतो, तो जवळजवळ एक किलोमीटर मागे पडला होता.

झाले होते असे की, वारा पूर्वेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा होता. असा वारा फसवा असतो. डोंगराच्या आडोशामुळे काठाजवळचे पाणी तळ्यासारखे सपाट दिसते, आणि होडी कळत नकळत बाहेर सरकते. जसजसे बाहेर जावे, तसतसा त्याचा जोर आणि लाटा वाढतात. आपल्या कोकणात शिडाच्या होड्यांना पहाटेचा मतलई वारा बाहेर नेई आणि दुपारचा खारा वारा घरी आणी. त्या किनाऱ्यावर असा भरवशाचा परतीचा वारा नाही. मी दोरी गुंडाळली, मान खाली घातली आणि वल्हे मारू लागलो. दहा मिनिटांच्या वाटेला एक तास लागला. मध्ये दोनदा वाटले, जरा थांबून दम घ्यावा. पण थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला होडी मागे जात होती. बरोबर कोणी असता, तर पहिल्या पाच मिनिटांतच त्याने हाक मारली असती. एकटेपणाचा अर्थ मला त्या तासात समजला. धोका एकट्याला जास्त असतो असे नव्हे. त्याची चूक दाखविणारा कोणी नसतो, हे खरे कारण. काठाला लागलो तेव्हा हात थरथरत होते. होडीत नऊ मासे होते. दोन खाल्ले. उरलेले फुकट गेले, याची लाज आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्र आरशासारखा होता. पश्चिमेस एग बेटाचा काळा कडा इतका स्पष्ट दिसत होता की, हात लांब केला तर लागेल असे वाटावे. तेथे जाणे हाच माझ्या सहलीचा मूळ बेत होता. अंतर बारा-पंधरा किलोमीटर, म्हणजे तीन तास. रेडिओने सांगितले होते: नैर्ऋत्येचा वारा, पाच क्रमांकाचा, ‘लवकरच’. हवामान-निवेदनाच्या भाषेत सहा ते बारा तास. जाण्यास तीन तास पुरेसे होते. मोह झाला. पण मग कालचा हिशेब आठवला. वाटेत मासे लागले तर? हात कालच्यासारखे थकले तर? आणि पोहोचलो तरी परत कधी? रजेचे दोनच दिवस उरले होते. रजेला तारखा असतात. समुद्र आपल्या तिथीने आणि वाऱ्याने चालतो. मी तंबू काढला नाही. दुपारी दोनच्या सुमारास वारा आला, आणि संध्याकाळपर्यंत खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या लाटांची रांग उभी राहिली. पुढचा दिवसही तसाच गेला. मी खडकांवर हिंडलो, चहा केला, कपडे वाळविले. सहाव्या दिवशी पहाटे वारा पडला, तेव्हा किनाऱ्याच्या कडेकडेने आरिसेगला परतलो. एग बेट मी आजवर पाहिलेले नाही.

बडोद्याला आलो तेव्हा वडिलांनी विचारले, ‘मग काय मिळविलेस?’ मी म्हटले, ‘बेटावर गेलो नाही.’ ते हसले आणि म्हणाले, ‘म्हणून तर घरी आलास.’

आपल्याकडेही आता गोव्यात आणि मालवणच्या बाजूला तरुण मंडळी कयाक चालवू लागली आहेत. ज्यांना ही हौस असेल, त्यांनी ती अवश्य करावी. पण आरंभ खाडीतल्या निवांत पाण्यात, पावसाळा संपून समुद्र निवळल्यावर, आणि जाणत्यांच्या सोबतीने करावा. निघण्यापूर्वी त्या गावच्या वृद्ध तांडेलाला विचारावे. त्याच्याजवळ छापील कोष्टक नसेल, पण कोणत्या खडकाजवळ भांगाच्या दिवसांतही पाणी ओढते, हे त्याला माहीत असते. तो ‘आज नको’ म्हणाला, तर वाद घालू नये. पावसाळाभर समुद्रापासून दूर राहून नारळी पौर्णिमेला त्याला नारळ देऊन मगच होड्या लोटण्याची जी रीत आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे, तिच्यातही हेच शहाणपण आहे. समुद्रावर जाण्याची घाई करू नये, आणि न जाण्याची लाज वाटू देऊ नये. एकट्याने जाणाऱ्याने तर हे सकाळी होडी लोटण्यापूर्वी रोज स्वतःलाच सांगावे, कारण सांगणारे दुसरे कोणी तेथे नसते.